बँकॉकची फ्रेम, भेस्तानचं नाक

मी एक चष्म्याची फ्रेम आहे. जुनी मुळीच नाही हं, मित्रांनो! आत्मवृत्त सांगायला म्हातारंच असावं लागतं असा नियम कुणी केला? माझं वय जेमतेम वर्षाचं आहे, पण एवढ्यात मला जेवढे धक्के बसले तेवढे पन्नास वर्षांच्या लाकडी कपाटालाही बसले नसतील. ऐकाच तुम्ही!

माझा रंग मधासारखा आणि वर तपकिरी ठिपके. प्लास्टिकच्या एका जाड पाटीतून मला कापून काढलं. मग लाकडाच्या बारीक तुकड्यांसोबत एका पिंपात घालून गरागरा फिरवलं. त्या फिरण्यातूनच मला अशी झळाळी आली, की मी बाहेर पडले तीच तोऱ्यात! तिथून मी गेले बँकॉकच्या एका मोठ्या दुकानात. काचेची भिंत, पाठीमागून दिवे आणि मधोमध मी. देशोदेशीच्या मुली यायच्या, मला डोळ्यांवर चढवायच्या, ओठांचा चंबू करून फोटो काढायच्या आणि पुन्हा भिंतीवर अडकवून निघून जायच्या. कौतुक पोटभर मिळालं, पण घर काही मिळेना.

आणि एके दिवशी तो माणूस आला.

त्याचं नाव योगराज. मूळचा खानदेशातला, पण राहणार सुरतेत, भेस्तानला. साड्यांवर भरतकाम करणाऱ्या एका कारखान्यात तो मशीन चालवतो. त्या वर्षी काम जोरात झालं म्हणून शेठने दिवाळीनंतर सगळ्या कारागिरांना विमानात बसवून बँकॉक दाखवायला आणलं होतं. बाकीचे अत्तराच्या बाटल्या आणि चॉकलेटं घ्यायला पळाले होते. हा एकटाच डोक्यावर कारखान्याची टोपी घालून चष्म्यांच्या दुकानात शिरला आणि थेट माझ्यासमोर उभा राहिला.

पुढे काय झालं असेल? त्याने मला उचललं आणि उजेडासमोर धरलं. अंगठ्याने माझी कड न् कड चाचपली. आणि मग, मित्रांनो, त्याने माझा वास घेतला! मी हादरलेच! अहो, मी फ्रेम आहे, साडीचं कापड नाही! पण त्याचा तरी काय दोष? माल पारखायची त्याला तेवढी एकच रीत ठाऊक होती.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्याने खिशातून चक्क एक नारिंगी धागा काढला. धाग्याला दोन गाठी मारलेल्या. बांगड्यांचं किंवा चपलांचं माप नाही का आपण दोऱ्याने पाठवतो? तसं त्याच्या बायकोने, उज्ज्वलाने, लेकीच्या चेहऱ्याचं माप पाठवलं होतं. एका कानशिलापाशी एक गाठ, दुसऱ्या कानशिलापाशी दुसरी. योगराजने तो धागा माझ्यावर ताणून धरला आणि त्याचा चेहरा उजळला. दुकानातली मुलगी माझ्या दांडीच्या आतल्या बाजूला लिहिलेले बारीक आकडे बोटाने दाखवत होती. याने तिकडे बघितलंही नाही.

"बेन, छेल्लो भाव शू?" त्याने विचारलं.

शेवटचा भाव काय, असं बँकॉकच्या मुलीला! गुजरातीत! सुरतच्या माणसाच्या तोंडून घासाघीस गुजरातीतच निघते, त्याला तो तरी काय करणार? ती हसली, तो हसला, दोघांनी गणकयंत्र एकमेकांकडे ढकलत ढकलत सौदा पक्का केला आणि मी त्याच्या शर्टाच्या खिशात गेले. विमानात तो खिशावर हात ठेवून बसला होता. मला वाटलं, आलं बाई माझं घर!

घर आलं खरं, पण धक्काही घेऊन आलं.

त्याची मुलगी पल्लवी नववीत शिकते. शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले तेव्हा तिला मोठा नंबर निघाला. शाळेतून फुकट मिळालेला काळा गोल चष्मा तिने एकच दिवस घातला. वर्गातल्या मुली "ए चश्मिश, चश्मिश" करत मागे लागल्या, तेव्हापासून तो दप्तराच्या तळाशी पडून होता. फळ्यावरचं दिसत नव्हतं, मार्क घसरत होते, पण बाईसाहेब चष्मा लावायला तयार नव्हत्या. म्हणून बापाने शब्द दिला होता, की परदेशातून अशी फ्रेम आणतो की हसणाऱ्यांनी बघतच राहावं.

पल्लवीने मला डोळे मिटून घातलं. आरशासमोर उभी राहिली. डोळे उघडले. आणि मी तिच्या नाकावरून घसरत घसरत सरळ ओठांवर येऊन टेकले!

"पप्पा! आ शू छे?" ती किंचाळलीच.

"ओ माय!" उज्ज्वलाने कपाळावर हात मारला. "हाई फ्रेम शे का खिडकी?"

"तूच माप देलं ना?" योगराज म्हणाला आणि त्याने खिशातला धागा काढून तिच्यापुढे धरला.

उज्ज्वलाने धागा हातात घेतला, जरासा ओढला, सोडला आणि मटकन खालीच बसली. तो धागा क्रिम्पचा होता! सुरतेत साड्यांचं काम करणाऱ्यांच्या घरात पावलोपावली सापडतो तोच. ओढला की लांबतो, सोडला की आखडतो. तिने मोजताना तो नुसता चेहऱ्यावर टेकवला होता. याने दुकानात तो ताणला होता. लेकीच्या चेहऱ्याचा भोपळा झाला होता नुसता!

माय-लेकी हसत सुटल्या. पण योगराज हसला नाही. तो मला हातात घेऊन शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. ते पाहून पल्लवीचंही हसू विरलं.

"पप्पा, राहू द्या ना," ती म्हणाली. "मला चष्मा नकोच आहे."

"नको कसा? डोळ्यांना दिसत नाही तर चष्मा लावायचा. त्यात लाज कसली?" तो म्हणाला. किती छान बोलला! मला तर त्याचा अभिमानच वाटला. थांबा, पुढे ऐका.

रविवारी बापलेक मला घेऊन चष्मेवाल्याकडे गेले. त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं. "भाई, बेबीना नंबरमां आ नहीं चाले," तो म्हणाला. दांड्या गरम करून वाकवता येतील, पण समोरचा भाग लहान होत नाही. शिवाय एवढ्या मोठ्या फ्रेममध्ये तिच्या नंबरची काच बसवली तर ती कडेला विटेसारखी जाड होईल. मग मला योगराजच्या हातात देत तो म्हणाला, "भाई, आत साइझ लिहिलेली असते ना! घेताना वाचायची. ही बघा, वाचा."

योगराजने मला डोळ्यांजवळ नेलं. मग थोडं लांब धरलं. मग आणखी लांब, पार हात सरळ होईपर्यंत. 

"इंग्लिशमध्ये लिहिलंय," तो म्हणाला. "आपल्याला कुठे इंग्लिश येतं!"

पल्लवी माझ्यावर वाकली. मग तिने बापाकडे पाहिलं.

"पप्पा... ते आकडे आहेत."

 मला तर आपण जमिनीवर पडून तुटलो तर बरं, असं वाटलं. म्हणजे बँकॉकमध्ये त्या मुलीने आकडे दाखवले तेव्हा याने बघितलं नव्हतं ते बेफिकिरीने नव्हे. याला दिसतच नव्हतं!

"कधीपासून?" पल्लवीने विचारलं.

"झालं वरीसभर."

"वर्षभर? आणि मशीनवर सुईत धागा कसा ओवता?"

"बोटांनी. सवय आहे." तो खाली बघत म्हणाला. "कारखान्यात सांगू नको बेटा कुणाला. माझ्या बाजूच्या मशीनवरच्या सुपडूने चष्मा लावला आणि आमच्यावर देखरेख करणाऱ्या लोटूमास्तरने दुसऱ्याच दिवशी त्याला मशीनवरून उठवून पॅकिंगला बसवलं. डोळा गेला म्हणजे कारागीर गेला, असं म्हणतो मास्तर. मशीन गेलं की मग माझ्याजवळ राहिलं काय?"

पल्लवी लाल झाली. मला वाटलं आता रडते की काय. छे! ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वा पप्पा! दिसत नाही तर चष्मा लावायचा, त्यात लाज कसली! हे कोण म्हणालं होतं? शेजारचे काका?"

"ते तुझ्यासाठी म्हणालो मी."

"हो का? लाज काय फक्त पोरींनीच सोडायची?" तिने मला उचललं आणि सरळ बापाच्या नाकावर बसवलं. आणि मित्रांनो, मी बसले! हलले नाही, घसरले नाही. त्या रुंद चेहऱ्यावर अशी बसले, जणू त्या पिंपात त्याच्यासाठीच फिरत होते. चष्मेवालाही "वाह" म्हणाला.

"आता अट ऐका," पल्लवी म्हणाली. "उद्या तुम्ही ही घालून कारखान्यात जायचं. मी तो काळा गोल घालून शाळेत जाणार. जो आधी काढेल तो हरला."

"अन् मास्तरने मशीन काढून घेतलं तर?"

 पल्लवीने मला त्याच्या नाकावर आणखी नीट बसवलं. बापाने होकारार्थी मान हलवली. चष्मेवाल्याने त्याचे डोळे तपासले आणि संध्याकाळपर्यंत माझ्यात काचा बसल्या.

सोमवारी योगराज मला घालून घराबाहेर पडला, ऐटीत! आणि कारखान्याच्या फाटकापाशी त्याने मला काढून खिशात टाकलं. फसवणूक! शुद्ध फसवणूक! खिशातून मला फक्त आवाज ऐकू येत होता; बाकीचं त्याने घरी सांगितलं तेव्हा कळलं. लांबलचक मशीन, एका ओळीत सुयाच सुया, आणि सगळ्या एकदम खडखडत होत्या. तेवढ्यात एका सुईचा धागा तुटला आणि मशीन थांबलं. योगराजने धागा ओठांत ओला केला, बोटांनी चाचपत ओवू लागला. एकदा. परत. परत.  त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला बाहेर काढून डोळ्यांवर चढवलं.

पहिल्याच झटक्यात धागा ओवला गेला! मी खूश! पण योगराज जागच्या जागी थिजला होता. तो साडीकडे बघत होता. साडीवर पानांची नक्षी भरली जात होती आणि प्रत्येक पानाच्या मधल्या शिरेत एक टाका सुटलेला होता. या पानात, त्या पानात, गुंडाळून ठेवलेल्या मागच्या साडीतही.

त्याने मशीन चालू केलंच नाही.

"ए योगराज! मशीन का बंद?" लोटूमास्तर धावत आला आणि मला बघून त्याची पावलं थबकली. "हे काय नाकावर?"

 आता हा मला काढणार. काढून खिशात टाकणार आणि 'काही नाही मास्तर' म्हणणार.

"चष्मा आहे मास्तर. दिसत नव्हतं मला," योगराज म्हणाला. आवाज बारीक होता, पण त्याने मला काढलं नाही. "टाका सुटतोय. सगळ्या पानांत."

"कुठे?" मास्तरने साडी डोळ्यांजवळ नेली. लांब धरली. आणखी लांब धरली. "काही नाही सुटत. भलतंच काहीतरी! हा माल मी पास केलाय."

योगराजने सुटलेल्या टाक्यावर बोट ठेवलं. मास्तरने एकदा साडीकडे पाहिलं, एकदा मशीनकडे. आणि मग त्याने हात पुढे करून मला योगराजच्या नाकावरून उचललं आणि स्वतःच्या नाकावर ठेवलं!

बापरे!   तो एकेका पानावरून बोट फिरवत राहिला.

"कधीपासून सुटतोय?" शेवटी त्याने विचारलं.

"माहीत नाही मास्तर. मला आजच दिसलं."

"मलाही," मास्तर म्हणाला. मग त्याने मला काढून योगराजच्या हातात दिलं. "सुई बदल आणि चालव मशीन. कुठून घेतला हा?"

"बँकॉकहून."

मास्तरचं तोंड उघडंच राहिलं. "च्यायला! डोळ्यांसाठी बँकॉकला जावं लागतं?"

"नाही मास्तर. भेस्तानमध्ये पण मिळतो."

"मग रविवारी मला घेऊन चल," तो हळूच म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळी पल्लवी जिन्यातच उभी होती, नाकावर काळा गोल चष्मा. "काढली होती?" तिने विचारलं.

"दोनदा. एकदा मी, एकदा मास्तरने."

"हरलात!" ती टाळ्या पिटत नाचली. "मला सगळ्यांनी चिडवलं, तरी मी नाही काढला! फळ्यावरचं सगळं दिसतं पप्पा, सगळं! बाईंचं अक्षर किती घाण आहे, मला माहीतच नव्हतं!"

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला कोरड्या कापडाने घासू नका, चरे पडतात. आधी पाण्याने धुवा. उशीखाली ठेवून झोपू नका, माझ्या दांड्या मोडतात. एखाद्याच्या नाकावर मी नवी दिसले तर हसण्याआधी विचार करा, की ती दांडी कानामागे अडकवायला त्या माणसाला किती धीर लागला असेल. आणि कृपा करून मला खिशात, दप्तरात लपवू नका. तिथे मला काहीच दिसत नाही.

आणि तुम्हालाही.