आपल्यातच ठेव

धाकटीची नोकरी गेली ती एकटीची नव्हे. कंपनीने सॉफ्टवेअर तपासणारा अख्खा विभागच बंद केला. तपासणारेच नसले की चुका सापडत नाहीत, असा मालकांचा हिशेब असावा. घरी बसून ती अर्ज पाठवत राहिली आणि कुठूनच उत्तर येईना. तेव्हा तिच्या जुन्या मॅनेजरबाईंनी सल्ला दिला, की लोकांकडे नोकरी मागू नकोस, माहिती माग. अर्धा तास भेट, त्यांचं काम कसं चालतं ते विचार आणि उठून ये.

पहिल्या गृहस्थांनी सगळा वेळ स्वतःचंच घोडं दामटलं. दुसऱ्या बाई घड्याळाकडे बघत बोलल्या. मग धाकटीच्या लक्षात आलं, की हे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिची सख्खी मावसबहीण रुग्णांना औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं अ‍ॅप तपासायच्याच कामावर होती.

ताईने लगेच बोलावलं. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कॉफी गार होईपर्यंत तिने दिवसभराचं काम समजावून सांगितलं, धाकटीने काय शिकून घ्यावं तेही सांगितलं. बोलता बोलता आतली गोष्टही निघाली. परदेशच्या प्रवासात फोनचं घड्याळ बदललं की अ‍ॅप एकाच गोळीची दोनदा आठवण करून द्यायचं. ताईने साहेबांच्या कानावर घातलं होतं. नवी आवृत्ती बाहेर पडू दे, मग बघू, असं ते म्हणाले होते.

"हे आपल्यातच ठेव हं," ताई म्हणाली.

पुढे त्याच कंपनीत जागा निघाली. ती बातमीही ताईनेच दिली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, आमच्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात आधी काय तपासाल? धाकटीने घरून तयार केलेली उत्तरं ऐन वेळी कुठल्या कुठे पळाली आणि तोंडून निघालं ते फोनचं घड्याळ आणि दोनदा येणारी आठवण. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"हे कसं सुचलं तुम्हाला?"

"असंच सुचलं," ती म्हणाली.

नोकरी मिळाली. घरी आनंदीआनंद झाला. पण मुलाखतीत काय तोंडून गेलं ते ताईला सांगायचं धाकटी उद्यावर ढकलत राहिली.

कामावर रुजू झाली तर ताई तपासणीच्या टीममध्ये नव्हतीच. तिला अ‍ॅप कसं वापरायचं त्याची मदतपुस्तिका लिहायला बसवलं होतं. घरी ताई सांगायची, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. धाकटीला मात्र राहवेना. ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, ते मला सुचलं नव्हतं, ताईने विश्वासाने सांगितलं होतं, चूक माझी आहे.

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मीच बोलले, तिची निवड मात्र त्यापायी रद्द करू नका."

चूक दुरुस्त करून झाली होती. रुग्णांना आता एकदाच आठवण जात होती. ताईला परत टीममध्ये घ्या म्हणून धाकटीने विनवलं. साहेब म्हणाले, तो विषय संपला.

ती तशीच ताईच्या टेबलापाशी गेली. तिने माफी मागितली. ताईने खुर्ची पुढे केली.

"जीभ घसरते गं, माणूस आहे," ती म्हणाली. "पण मुलाखतीतून बाहेर पडल्या पडल्या मला एक फोन करायचास. साहेबांनी बोलावलं तेव्हा मी हसत हसत आत गेले होते. मला वाटलं, तुझ्यासाठी शिफारस मागतायत."

वर्ष संपायच्या आत ताईने दुसरीकडे नोकरी धरली. पगार तिथे कमी होता. मावशीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सगळे जेवायला जमले की ती आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, की आमच्या मुली एकमेकींना कसा हात देतात बघा. ताई मान खाली घालून वाढत राहायची. धाकटी उठून पाणी आणायला जायची, आणि आत गेली की बराच वेळ बाहेर यायची नाही.