तिच्या फेरीचं पाणी

टायर कंपनीच्या चाचणीच्या ओल्या रस्त्यावर तिने वेग घेतला आणि खुणेपाशी ब्रेक दाबला. गाडी गपकन उभी राहिली.

"टायर आहे की डिंक!" शेजारी बसलेला इंजिनिअर खूश झाला. "दुपारी दुसरा ड्रायव्हर हेच टायर चालवतो, तेव्हा गाडी पार पुढे घसरते. तुमचा हातच वेगळा."

हात कसला? ब्रेक तर दोघंही सारखाच दाबत होते. तिच्या मनात पाल चुकचुकली.

आधी तिने त्या ड्रायव्हरवरच संशय घेतला. मुद्दाम उशीर करतो की काय? म्हणून दुपारी ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याने अगदी खुणेवर ब्रेक दाबला. तरी गाडी घसरत गेली, काचेवर पाणीच पाणी उडालं. एवढं पाणी सकाळी तिच्या वेळी उडालं नव्हतं.

आणि रस्त्यावर पंपाने पाणी सोडायचे तिचे वडील.

दुसऱ्या सकाळी तिने मध्येच गाडी थांबवली आणि खाली उतरून रस्त्यावर बूट दाबला. बुटाचा तळ जेमतेम भिजला. तिने वर पाहिलं, तर पंपघराच्या दारात उभे असलेले वडील पाठ फिरवून आत गेले. ती तडक त्यांच्या मागे गेली.

"बाबा, पाण्याची चावी पूर्ण उघडलीये ना?"

"हो की. पाइपात हवा शिरली असेल."

"माझ्याच फेरीला बरी शिरते!"

ते फडक्याने उगाच हात पुसत राहिले. "गेल्या वर्षी तुझी गाडी पाण्यावर घसरून कठड्यावर आपटली, ते मी इथूनच पाहिलंय. परत नाही बघवणार."

"पण हेच टायर उद्या लोक पावसात वापरणार, बाबा. तिथे चावी कोण आवळणार?"

तिने स्वतः चावी पूर्ण उघडली.

बाहेर येऊन तिने इंजिनिअरला सांगितलं, "माझ्या सगळ्या चाचण्या चुकीच्या आहेत. पाणी कमी होतं."

"कुणामुळे?"

मागून वडील म्हणाले, "माझ्यामुळे."

नव्याने चाचणी झाली. गाडी खुणेच्या कितीतरी पुढे घसरली. ते टायर नापास झाले, आणि वडिलांची बदली गोदामात झाली.

घरी बरेच दिवस त्यांनी तिच्याशी अबोला धरला. मग एका सकाळी ती निघताना ते दारापर्यंत आले.

"हळू चालव म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण गाडी थांबली की गोदामाकडे बघून हात कर."