शिव शिव म्हणणारे मासे

दिवस उगवायच्या आधीच सोमलिंगच्या मळ्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पार वैरागकडून बैलगाड्या आल्या होत्या. विहिरीलगतच्या छोट्या तळ्यात शेकडो मासे पाण्याबाहेर तोंडं काढून उघडमीट करत होते. माणसं हात जोडून गहिवरत होती, बायका तांब्यांनी दूध ओतत होत्या, पिठाच्या गोळ्या आणि हळदकुंकू सोडत होत्या.

"ओठ बघा ओठ!" कडुलिंबाखालून मत्स्यानंद महाराज गरजले. "शिऽव, शिऽव! मागल्या जन्मीचे ऋषी आहेत हे. भीमेच्या डोहातून खास माझ्या दर्शनाला आले!"

मी तिथला शाळामास्तर. या ऋषींना भीमेतून मडक्यात घालून सोमलिंगनेच आणलं होतं आणि तेव्हा ते बोटाएवढे होते, हे मी स्वतः पाहिलं होतं.

सोमलिंग जातीचा भोई. आमची वाडी अक्कलकोटच्या बाजूची, कोरडी ठणठणीत. उन्हाळा आला की अर्धी वाडी सोलापूरच्या गिरण्यांकडे जायची. १९३२ साली हे नवरा-बायकोही गेले आणि तिथल्या चाळीत त्यांची धाकटी लेक पटकीने गेली. परत आल्यावर सोमलिंग म्हणाला, "आता हितंच जगू, न्हाईतर हितंच मरू." मग त्याने तळं खणलं. बैलाने ओढलेल्या कातडी मोटेचं पाणी विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यातून धो धो तळ्यात पडे आणि तळ्यातून पाटाने वांग्या-मिरचीला जाई. विहिरीत पाणी ते केवढंसं! पण तेवढ्यावरच मासेही वाढले आणि माळवंही. मला त्याचं फार कौतुक होतं.

यंदा ऐन वैशाखात बैल लंगडला, मोट थांबली. नेमके त्याच वेळी महाराज मुक्कामाला आले आणि पहाटे त्यांना मासे बोलताना दिसले. बैल बरा झाला, तेव्हा महाराज कडाडले, "देवाच्या पाण्यात मेल्या जनावराचं कातडं बुडवतोस?" भाविक सोमलिंगने मोट खुंटीला टांगली.

त्या सकाळी त्याची बायको निंगव्वा मला बाजूला घेऊन म्हणाली, "गुरुजी, मोट चालत हुती तवर ह्या माशांनी कदी द्येवाचं नाव घेतलं न्हाय. आन् ऊन चढलं की गप बसत्यात. असलं कसलं वं नाम?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी दोन पातेली मागवली. एकात तळ्याचं पाणी भरलं, दुसऱ्यात विहिरीचं ताजं पाणी उंचावरून ओतलं. नाम घेणारा एक मासा या ताज्या पाण्यात सोडला. थोड्याच वेळात तो तोंड मिटून तळाशी गेला.

"ह्याचं नाम कुठं गेलं, महाराज?"

"मास्तराचा हात लागला. मौन धरलं!" महाराज म्हणाले आणि सगळे मला हसले.

मी तोच मासा पहिल्या पातेल्यातल्या तळ्याच्या पाण्यात टाकला. तो वर आला आणि तोंड उघडू लागला.

"आता कसं मौन सुटलं?" मी म्हणालो. "बाबांनो, माशालाही हवा लागते. ती पाण्यात मिसळलेली असते. मोटेची धार पडे, तेव्हा ती मिळायची. आता धार बंद, आणि वरून तुमच्या दुधा-पिठाने पाणी नासलंय. दिवसा उन्हात पाण्यातलं शेवाळ थोडी हवा सोडतं; रात्री तेही थांबतं, म्हणून पहाटेपर्यंत हवा संपते. हे नाम नाही, गुदमरणं आहे."

हसू थांबलं. दोघी-चौघींनी दुधाचे तांबे मागे घेतले. मी सोमलिंगचा हात धरला. "आत्ता मोट जुंप."

त्याने गर्दीकडे पाहिलं, महाराजांकडे पाहिलं. "उद्या सोमवार हाय, गुरुजी. लांबनं लोक येणार. पूजा तेवडी होऊ द्या की. मग जुंपतो."

संध्याकाळी आणखी गाड्या आल्या, आणखी दूध पडलं. सोमवारी उजाडलं तेव्हा सगळं तळं माशांच्या उलट्या पोटांनी पांढरं झालं होतं. "कैलासाला गेले! धन्य!" असं म्हणून महाराज कुणाच्या तरी गाडीत बसले. दुपारी वास सुटला, तेव्हा तिथे ना महाराज होते, ना भक्त.

निंगव्वा गाठोडं बांधत होती. मासे गेले, मोटेवाचून माळवंही करपलं होतं; आता पुन्हा सोलापूर, पुन्हा तीच चाळ. मला तिच्याकडे बघवेना. सोमलिंग गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेक मासा काठावर ठेवत होता. मला पाहून त्याचे हात थांबले.

"गुरुजी, ते नाम घेत न्हवते," तो म्हणाला. "मला हाका मारत हुते. आन् मी हात जोडून हुबा हुतो."

वाचकहो, चमत्कार दिसला तर जरूर थांबा, पण हात जोडण्याआधी विचारा: हे कालपर्यंत का घडत नव्हतं? आज काय बदललं? सोमलिंगने एवढं विचारलं असतं, तर त्याची मोट अजून चालत असती.