सैल केलेले बूट

दोघा साडूंच्या हृदयांनी एकाच वर्षी कच खाल्ली. थोरला साडू बूट शिवायचा. त्याला आजाराचं एवढं वाईट वाटलं नसतं, पण धाकटा, घड्याळजी, आजारपणातही भाव खाऊन गेला. रोज सकाळी वजन, मोजकं पाणी, बेताचं मीठ. वर दवाखान्यातल्या रुग्णांच्या गटात बसून तो चक्क रडायचा आणि हलका होऊन घरी यायचा.

"भावजी मनातलं बोलतात तरी," बूटवाल्याची बायको म्हणायची. "तुमच्या तोंडाला कायमचं कुलूप."

"रडून हृदय धड झालं असतं, तर तान्ही बाळं पहिलवान झाली असती." बूटवाला बोलायचा असं, पण आतून जळून खाक व्हायचा.

नर्सताईंनी दोघांना बजावलं होतं: अंगात पाणी साठलं की पाय सुजतात, बूट घट्ट वाटले की लगेच फोन करा. बूटवाल्याचे बूट घट्ट झाले. पण फोन केला की घड्याळजी बरा आणि आपण बिघडलेले, हे सगळ्या सोयऱ्यांत होणार. त्याने बूट ओले करून लाकडी फर्म्यावर चढवले आणि चामडं ताणलं. पाय सुखाने आत गेले. धाप लागायची, ती तो खोकून झाकायचा.

एका दुपारी घड्याळजी दुकानात आला. पायात चपला, बूट हातात.

"साडूभाऊ, जरा सैल करून द्या. घरी बोलू नका."

घोट्यांवर सूज दिसत होती. बूटवाल्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"का हो, गटात नाही सांगितलं?"

"कसं सांगू? तिथे माझ्या नावाच्या टाळ्या वाजतात. आणि घरी ही सारखी तुमचं उदाहरण देते. 'ते बघा, कुरकुर न करता दुकानात जातात!' ऐकून अंगाची लाही होते माझ्या."

बूटवाल्याने बूट फर्म्यावर धरला आणि तसाच थांबला.

"हा ताणला तर सूज वाढलेली कळायची कशी?"

"तुमचे बरे सैल दिसतात?"

बूटवाला स्टुलावर बसला आणि त्याने बूट काढले. मोज्याचा काठ मांसात रुतला होता.

"अहो, हे तर माझ्यापेक्षा जास्त!" घड्याळजीने घाईने खिशातून फोन काढला.

म्हणजे नर्सताईंना हाच आधी सांगणार. शाबासकी त्याला, आणि आपण त्याच्या मागून फरफटत आलेले. बूटवाल्याने झडप घालून फोन हिसकावला आणि स्वतःच नर्सताईंना लावला.

"नर्सताई, पाय सुजलेत. बूट मीच ताणले. धापही लागते." तो अडखळला. "हो, भीती वाटते. फार वाटते."

"माझंही सांगा ना."

"थांबा हो," बूटवाला फोनवर हात ठेवून म्हणाला. "तुमचा नंबर माझ्यानंतर."