पाणमायच्या कळशीखालचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझा एक कोपरा आत दबलेला आहे. तो कसा दबला, हे आठवले की आजही माझे झाकण थरथरते, मित्रांनो.

धुळ्याच्या हारुन पत्रेवाल्याने १९८७ साली तेलाच्या रिकाम्या डब्यातून मला घडवले. घडवून घेणारे होते अभिमन नाना, नुकतेच निवृत्त झालेले पोस्टमन.

"नाना, यात डाळ भरनार का दाणे?" हारुनभाईंनी विचारले.

"वही भरणार. आणि डबा लपवणार. पाण्याचा थेंब आत जायला नको."

हारुनभाई चाटच पडले, पण झाकण त्यांनी असे बसवले की मुंगी शिरू नये.

नानांना एकच हळहळ होती. लोक लळिंगच्या किल्ल्याखालून एसटीने रोज जातात, पण मान वर करून बघत नाहीत. म्हणून त्यांनी एक खेळ काढला. लळिंग, थाळनेर, पारोळा आणि शिंदखेड्याजवळच्या एका गावाबाहेरची जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, अशा चार जागी चार डबे लपवले. खेळणाऱ्याला ते पोस्टकार्डावर कोडे पाठवत. डबा सापडला की वहीत नाव आणि तिथे काय पाहिले ते लिहायचे. मग पुढच्या जागेचे कोडे मिळे.

माझ्या वाट्याला बारव आली. खालच्या पायरीजवळ कळशी धरलेली एक दगडी बाई होती. गाव तिला पाणमाय म्हणे. तिच्या पायाशी, सैल चिऱ्यामागे, मी राहिलो. माझे कोडे होते : "पाणमायच्या कळशीखाली खान्देशचे धन आहे."

चार वर्षे सुखाची गेली. शिरपूरच्या शिक्षिका सकीनाबाई आल्या. दोन तास पायऱ्या मोजून त्यांनी लिहिले, "बासष्ट पायऱ्या. चिऱ्यांवर पाथरवटांच्या खुणा आहेत, एक मासा, एक चांदणी." शेजारी शेळ्या चारणाऱ्या झुंबरबाईंना हसू आले. "इतला वरीस आठेच शे मी, मासा कधी दखा नही!" म्हणत त्याही वाकून बघू लागल्या.

आणि मग तो बाजाराचा दिवस आला. गाव रिकामे होते. भरदुपारी तीन माणसे खाली उतरली. एकाच्या हातात पहार होती, दुसऱ्याच्या हातात पोस्टकार्ड. कार्ड ओळखून मी आनंदलो. वाटले, आता वही उघडतील.

"कळशीमाच सोनं व्हई," एकजण म्हणाला, आणि पहार वर गेली.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. पहिल्या घावाला कळशीचा काठ उडाला. तिसऱ्या घावाला कळशी पाण्यात पडली. आत काय असणार? आतही दगडच होता. मग त्यांनी तिच्या पायाशी खणले आणि मी सापडलो.

"आरे, नुस्ती वही शे!" म्हणून त्याने मला भिंतीवर भिरकावले. कोपरा तेव्हाच दबला. ती माणसे पळाली ती पळालीच. कार्ड मात्र पायरीवर राहिले, पत्ता खरवडून काढलेले.

बाजारातून आलेल्या झुंबरबाईंनी फुटलेली पाणमाय पाहिली. "ओ माय वं!" म्हणत त्या गावाकडे धावल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळताच नाना पहिल्या एसटीने आले. पोलीस पाटील भटू आबांनी त्यांच्यापुढे कार्ड धरले.

"नाना, हाई अक्षर कोनं शे?"

नानांनी कार्ड हातात घेतले. कार्ड चोरीला गेले, असे ते म्हणू शकले असते.

"माझं," ते म्हणाले. "धन म्हणजे ही बारवच, असं मला म्हणायचं होतं. वाचणारा सोनं समजेल, हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही."

"खेळ तुमना, आन् माय आमनी फुटनी!" धनसिंग नावाचा शेतकरी ओरडला. लोक पुढे सरकले. नाना जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात झुंबरबाई पाण्यात उतरल्या. "भांडानं मांगून करा. पहिले तुकडा येचा."

त्यांच्यामागोमाग सगळ्यात आधी नाना उतरले, धोतरासकट. मग धनसिंगही उतरला. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस तुकडे निघाले. पण कळशी जुळली नाही.

नानांनी चारही जागची कोडी बंद केली. वहीतल्या प्रत्येकाला पत्र लिहून झालेले खरे खरे कळवले. कोणी येणार नाही, असे त्यांना वाटले होते. सकीनाबाई पुढच्याच रविवारी आल्या, आणखी अकरा जण आले. सगळ्यांनी मिळून त्या तिघांनी खणलेले खड्डे बुजवले.

आता मी लपलेला नाही. झुंबरबाईंच्या घरात फळीवर असतो. बारव बघणारा आधी त्यांच्याकडे येतो, त्या त्याला घेऊन जातात आणि परतल्यावर माझ्यातली वही पुढे करतात. पाणमाय अजून उभी आहे, दोन्ही हात पुढे धरून, रिकामे.

मित्रांनो, जुन्या जागी जरूर जा. डोळे भरून बघा, पायऱ्या मोजा. पण तिथे पहार नेऊ नका, खिळाही नेऊ नका. नाव लिहावेसे वाटले तर वहीत लिहा. वहीचे पान बिघडले तर दुसरे मिळते. दगडाला दुसरे पान नसते.