भस्मातून उमटलेला नंबर

"मोबाईल बंद! सगळ्यांनी मोबाईल बंद! लहरी आडव्या येतात, कृपा माघारी जाते!"

माइकवर हा गजर चालू होता आणि पाचशे माणसं मुकाट्यानं मोबाईल बंद करीत होती. नांदेडहून लातूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं मंगल कार्यालय, गुरुवारची सकाळ, आणि आत मुंगीला शिरायला जागा नाही. लग्न नव्हतं, विमानमहाराजांचा दरबार होता. नवरा-नवरीच्या सोफ्यावर महाराज, डोक्यावर थर्माकोलचं विमान, आणि पायाशी लाल कापडात बांधलेल्या पुरचुंड्यांची ही रास! एकेका पुरचुंडीत एकेका पोराचा पासपोर्ट आणि सगळी मूळ प्रमाणपत्रं. ती एकवीस दिवस महाराजांच्या पायाशी ठेवायची. त्याआधी गाठ सोडली तर कृपा सुटते म्हणे.

मी उज्वला. रेणापूरच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण माझा राग काही निवृत्त झालेला नाही. मला तिथं नेलं माझ्या धाकट्या भावानं, ग्यानोबानं. त्याची लेक वर्षाराणी नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. पोरगी कामाला वाघ. तिला ऑस्ट्रेलियाला जायचंय, कुशल कामगारांच्या व्हिसावर, आपल्या शिक्षणाच्या जोरावर. यात वाईट काय? मी म्हटलं, जा बाई, खुशाल जा. पण तिच्या बापानं वाट धरली ती या सोफ्याची.

"अरे, अर्ज कागदावर असतो, त्याला महाराज कशाला?" मी विचारलं.

"आक्का, तुला काई कळत न्हाई," ग्यानोबा म्हणाला. "हितं जातीचा दाखला काढायचा तर मधी माणूस लागतो. ती तर ऑस्ट्रेलिया हाय. वरची ओळख लागतीच की!"

हीच आमची गोम. आमच्याकडं कुठलाही कागद आपल्या पायानं चालत नाही, कुणीतरी ढकलावा लागतो, हे आमच्या हाडात मुरलंय. महाराजांनी तेवढंच ओळखलं आणि दुकान थाटलं.

सकाळी दारातच सगळ्यांची नावं, जन्मतारखा लिहून घेतल्या होत्या; महाराज मध्येच 'ध्यानाला' आतल्या खोलीत जाऊन आले, आणि मग वर्षाराणीचं नाव पुकारलं गेलं. ती हात जोडून समोर बसली. महाराजांनी डोळे मिटले.

"नर्स! वा! बाळ, देशाला सीमा असतात, सेवेला नसतात. व्हिसाला पासष्ट गुण मागतात ना ते लोक? मागू दे! गुरूनं तुला पंचवीस दिलेत, शुक्रानं तीस. शनी दहा दाबून बसलाय. थांब, काढतो त्याच्याकडून!"

असं बोलत होते, जणू शनी तहसिलातला कारकून आहे. मग महाराजांनी ताटलीतलं भस्म उचललं, आपल्या उघड्या हातावर खसाखसा चोळलं, फुंकर मारली. आणि कोपरापासून मनगटापर्यंत एक इंग्रजी अक्षर आणि पुढं आकडेच आकडे उमटले, स्पष्ट!

बाजूला कोट-टाय घालून उभा असलेला रविकिरण पुढं झाला. महाराजांचा हा 'व्हिसा सल्लागार'. त्यानं लॅपटॉप उघडला, तो नंबर टाकला, आणि मागच्या पडद्यावर ऑस्ट्रेलिया सरकारची साइट, तोच नंबर, आणि शेजारी आमच्या वर्षाराणीचं पूर्ण नाव!

सभागृह दणाणून गेलं. माझी भावजय केवळाबाई ढसाढसा रडायला लागली. ग्यानोबानं स्टेजवर लोटांगण घातलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साबण आहे तो!" मी खुर्चीवर चढून ओरडले. "ओल्या साबणाच्या चिपेनं हातावर लिहायचं, वाळू द्यायचं. राख तेवढ्यावरच चिकटते! सातवीच्या पोरांना मी दाखवलंय हे!"

मग मागून एकजण उठला. व्यंकटी नाव त्याचं, रिक्षा चालवतो. त्याच्या पोराची पुरचुंडीही त्या राशीत होती.

"साबण असंल मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "हातावर कायबी असंल. पण नंबर खरा हाय का न्हाई? सरकारच्या साइटीवर दिसून राहिला का न्हाई? तो कुठून आला, ते सांगा की."

राखेचं मला ठाऊक होतं, नंबरचं ठाऊक नव्हतं. दोन सेवकांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि आतून टाळ्या ऐकू आल्या. रस्त्यावर उभी राहून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. व्यंकटीचा प्रश्न चोख होता. साबण सांगून अर्धंच भांडं फुटलं होतं.

वर्षाराणीच्या भाड्याच्या खोलीवर आल्यावर तिनं प्रसाद म्हणून मिळालेली फाईल दाखवली. भरलेल्या अर्जाची छापील प्रत होती. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"अगं, तुझा अनुभव किती?"

"तीन वर्षं, आत्या."

"मग इथं आठ कसे?"

तिनं मान खाली घातली. "रविकिरण सर म्हणाले, थोडं वाढवावं लागतं. सगळेच वाढवतात. पुढच्या गुरुवारी अनुभवाचं पत्र जोडून कागद तपासणीला पाठवणार हायत."

"कुठल्या दवाखान्याचं पत्र?"

"उदगीरच्या."

"तू उदगीरला कधी होतीस?"

"कधीच न्हाई."

मी कपाळाला हात लावला. शनीकडून काढलेले दहा गुण ते हे, वाढवलेल्या अनुभवाचे! ग्यानोबाला म्हटलं, अरे, हा चमत्कार नाही, ही तुझ्या पोरीच्या नावानं केलेली लबाडी आहे. तर तो माझ्यावरच उखडला. "आक्का, तू सगळ्यात खोट काढतीस! तुला पोरीचं बरं बघवत न्हाई का?" केवळाबाईनं तर माझ्याशी बोलणंच टाकलं. तिकडं पोरीचा पासपोर्ट, पदवी, नर्सिंगची नोंदणी, सगळं महाराजांच्या पायाशी, आणि हातात दिवस फक्त सात.

मग मी तेच केलं जे आजारी माणसानं करावं. ज्याला त्यातलं कळतं, त्याला गाठलं. मुदखेडच्या अश्वजितरावांची महामाया माझी विद्यार्थिनी. वडील बँकेत होते, रेणापूरला बदलून आले होते. ती आता मेलबर्नला असते आणि हेच व्हिसाच्या अर्जांचं काम परवाना घेऊन करते. सकाळी सात वाजता व्हिडिओवर तिचा चेहरा दिसला.

"बाई, आधी एक करा," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका."

"म्हणजे?" ग्यानोबा चमकला. तो तोंड फुगवून कोपऱ्यात बसला होता, पण कान इकडंच होते.

"काका, परवाना असलेल्या एजंटांची यादी इथल्या सरकारच्या साइटवर उघडी आहे. फुकट बघता येते. माझं नाव टाका, नंबर टाका. मी सापडले तरच पुढं बोला. मग त्या रविकिरणचं नाव टाका."

वर्षाराणीनं टाकलं. महामाया निघाली. रविकिरण निघाला नाही. तिनं त्याचं आडनाव तीन तऱ्हेनं लिहून बघितलं, तरी निघाला नाही. ग्यानोबा उठून आला आणि स्वतः पडद्याला नाक लावून बघत बसला.

"परवाना नाही म्हणजे तो चोरच असं मी म्हणत नाही," महामाया म्हणाली. "पण त्यानं घोळ घातला तर तुम्ही तक्रार कुणाकडं करणार? मी घोळ घातला तर माझा परवाना जातो. अर्ज स्वतः भरला तरी चालतो, एजंट लागतोच असं नाही. पण अर्जावर नाव वर्षाराणीचं. खोटं सापडलं की जबाबदार तीच. अर्ज तर जातोच, वर तीन वर्षं दार बंद होऊ शकतं. महाराजांना कुणी विचारणार नाही."

केवळाबाई दाराशी उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

"आणि तो नंबर?" मी विचारलं. "तो कुठून येतो गं?"

महामाया हसली, पण ते हसू रागाचं होतं. "बाई, तो नुसता इच्छा कळवायचा पहिला फॉर्म, फुकट आहे. नाव, जन्मतारीख, ईमेल टाकून सुरू केला की नंबर मिळतो. अर्धवट सोडला तरी मिळतो. दवाखान्यात केसपेपर काढला की नंबर देतात ना, तसा. नंबर मिळाला म्हणजे बरा झाला असं असतं का? तुम्ही टाका तुमचं नाव. तुम्हालाही मिळेल."

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोबाईल बंद का, तर कुणी मध्येच साइट उघडून बघू नये म्हणून. नावं सकाळी दारातच का लिहून घेतात, तर आतल्या खोलीत रविकिरणनं फॉर्म सुरू करावा म्हणून. मधूनमधून महाराज 'ध्यानाला' आत का जातात, तर हातावर साबण लावायला!

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेसात वाजता वर्षाराणीच्या खोलीवर मी माझ्या नावानं फॉर्म सुरू केला. सगळी माहिती खरी भरली. दोन मिनिटांत नंबर आला. न्हाणीतली साबणाची चीप घेतली, तो नंबर डाव्या हातावर लिहिला, वाळवला, वरून लांब बाह्यांचा स्वेटर चढवला. भर उन्हाळ्यात! ग्यानोबा बघत होता. रिक्षा त्यानंच बोलावली.

दरबारात मी रांगेतून पुढं गेले. मागच्या वेळची खोडकर बाई शरण आली, असं सेवकांना वाटलं. महाराज तर फारच प्रसन्न झाले. "ये माय. अहंकार गळाला?"

"गळाला की!" मी म्हटलं, बाही वर सरकवली, त्यांच्याच ताटलीतलं मूठभर भस्म उचललं आणि हातावर चोळलं. आकडे उमटले. मी हात उंच धरून लोकांकडं वळले. पहिल्या रांगेतून कुणीतरी "आगं माय!" म्हणालं.

आणि महाराजांची हुशारी बघा! ते ताडकन उठून ओरडले, "बघा! बाईंवरही कृपा झाली!"

"कृपा सकाळी साडेसातला झाली, महाराज. तेव्हा तुम्ही झोपला होता." मी माइक हिसकावून घेतला. "रविकिरण, टाक हा नंबर पडद्यावर!"

रविकिरण लॅपटॉप मिटायला लागला. तेवढ्यात वर्षाराणीनं आपला मोबाईल चालू केला, साइट उघडली आणि व्यंकटीच्या हातात दिला. "वाचा काका. मोठ्यांदा वाचा."

व्यंकटीनं वाचलं. तोच नंबर, माझं नाव, माझी जन्मतारीख. तो बोटांवर हिशेब करू लागला. "मॅडम, तुमी एकसष्ट वर्षांच्या हाव."

"हाव. आणि हा व्हिसा पंचेचाळिशीच्या आतल्यालाच मिळतो! मला तो या जन्मात मिळायचा नाही. तरी नंबर आला. हा नंबर म्हणजे फॉर्म सुरू केल्याची खूण, बाकी काही नाही. फुकट मिळते, दोन मिनिटांत मिळते. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा अडकवला म्हणून ते विमानात बसतं का?"

व्यंकटीनं मोबाईल वर्षाराणीच्या हातात परत दिला. "मंग माज्या पोराचा नंबर?"

"तसाच, व्यंकटी. अगदी तसाच."

पहिली पुरचुंडी ग्यानोबानं उचलली. महाराज म्हणाले, "गाठ सोडू नकोस, कृपा सुटेल!" माझा भाऊ, जो आठवड्यापूर्वी या माणसापुढं आडवा पडला होता, तो दातओठ खाऊन म्हणाला, "सुटू दे." आणि दातानं गाठ सोडली. पासपोर्ट होता, प्रमाणपत्रं होती. आणि वर उदगीरच्या कुठल्यातरी न ऐकलेल्या दवाखान्याचं पत्र, गोल शिक्का मारलेलं, पाच वर्षांच्या नोकरीचं. सोबत एक हमीपत्र, खाली वर्षाराणीची सही.

"ही सही मी केली न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "मी तीन वर्षं खरोखर राबले. पेशंटची घाण काढली, मार खाल्ला, पण एकदा बी खोटी नोंद केली न्हाई. आणि तुम्ही मला कागदावर खोटारडी करून टाकलं! आज हे गेलं असतं तर माझी खरी तीन वर्षंबी कुणी खरी धरली नसती."

मग पुरचुंड्या उचलायला जी झुंबड उडाली! महाराज मागच्या दारानं पळाले. रविकिरणला व्यंकटीनं कॉलरला धरून बसवून ठेवलं, मारलं मात्र नाही. ते बनावट पत्र आम्ही फाडलं नाही. पुरावा म्हणून पोलिसांत दिलं, आणि सोबत चौदा घरांनी तक्रारी दिल्या. चौदाच! बाकीचे पुरचुंडी काखेत मारून गुपचूप घरी गेले. त्यांचाही मला रागच आला, का येऊ नये? महाराज उद्या दुसऱ्या गावात दुसरं कार्यालय घेतील, ते यांच्याच गप्प बसण्यावर.

संध्याकाळी महामायाला पुन्हा फोन लावला. तिनं सरळ सांगितलं, आज गुण कमी पडतात. इंग्रजीची परीक्षा नीट दे, अनुभव वाढू दे, मग बघू.

"म्हंजे खात्री न्हाईच?" ग्यानोबानं विचारलं.

"नाही, काका. खात्री मी देऊ शकत नाही. निर्णय माझ्या हातात नाही."

ग्यानोबा माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "आक्का, एवढ्या दिवसांत न्हाई म्हणणारं हे पहिलंच माणूस भेटलं."

तेच मला तुम्हाला सांगायचंय. पोट दुखलं तर तुम्ही पदवी बघून डॉक्टर गाठता, कोर्टात सनद असलेला वकील गाठता. मग लेकराचं सगळं आयुष्य ज्या कागदावर ठरायचं, तो कागद भस्म चोळणाऱ्याच्या हातात का देता? परवाना विचारा. यादीत नाव स्वतः शोधा. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही पायाशी ठेवू नका. सही करायच्या आधी ओळ न् ओळ वाचा. आणि छातीवर हात मारून खात्री देणारा भेटला, तर तिथून उठा आणि चालू लागा.

वर्षाराणीनं तो जुना फॉर्म रद्द करून घेतला आणि वर्षभरानं, परीक्षा पास झाल्यावर, स्वतःच्या हातानं नवा सुरू केला. आम्ही सगळे तिच्या मागं उभे होतो. अनुभवाच्या रकान्यापाशी ती थांबली, बापाकडं वळून बघितलं.

"चार," ग्यानोबा म्हणाला. "जेवढे हायत तेवढेच लिही."