आवाज जसा आहे तसा

"हॅलो हॅलो करत बसणार नाही मी," माइकसमोर बसता बसता बाई म्हणाल्या. "टेलिफोनवर बोलतेय का मी?"

"मग दोन ओळी गा," रिकाम्या सभागृहाच्या मागच्या टोकावरून खटक्या ओरडला.

"गाणं संध्याकाळी. आत्ताच गायले तर संध्याकाळी काय उरणार? माझ्या घशात किती माल शिल्लक आहे ते तुला ठाऊक आहे."

खटक्या हसला. त्याची साठी उलटली होती, डोक्यावर केस औषधालाही उरले नव्हते, मुलींची लग्नं होऊन गेली होती. पण बाईंच्या लेखी तो अजून खटक्याच. तरुणपणी पहिल्यांदा त्यांच्या कार्यक्रमाला माइक लावायला गेला, तेव्हा घाबरून सारखे खटके वरखाली करत होता. बाईंनी सगळ्यांदेखत हे नाव ठेवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलं. आता बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने हाक मारते.

त्याचं टेबल नेहमी शेवटच्या रांगेमागे असे. टेबलावरच्या यंत्रात प्रत्येक माइकची एकेक सरकती कळ. कळ वर नेली की तो आवाज मोठा, खाली आणली की बारीक. पहिली कळ बाईंची. दुसरी त्यांच्या मुलीची, ती आईच्या मागे बसून साथ करी. मग वादकांच्या. हा क्रम त्याने कधी बदलला नव्हता. अंधारातसुद्धा बाईंची कळ त्याच्या बोटाला बरोबर सापडायची.

"इकडे ये," बाईंनी हात केला. "ही ओरडून सांगायची गोष्ट नाही."

तो मंचापाशी गेला. मुलगी विंगेत वादकांशी बोलत होती. बाईंनी माइक हाताने बाजूला वळवला.

"आज शेवटचा कार्यक्रम. नंतर 'लोकाग्रहास्तव' वगैरे काही नाही. वरचा सूर आता कधी लागतो, कधी फाटतो. पोरीला माहीत आहे, तुला माहीत आहे. डॉक्टरांनाही माहीत आहे, ते आपले कोमट पाणी प्या म्हणतात."

"बाई, तुम्ही उगाच..."

"ऐक. आज मला सांभाळून घेऊ नकोस. आवाज जसा आहे तसा जाऊ दे. फाटला तर फाटला. एवढी वर्षं लोकांनी ऐकलंय मला. जाताना काय उरलंय तेही ऐकू देत. मग टाळ्या वाजवोत नाहीतर उठून जावोत. शब्द दे."

"दिला."

"तोंडदेखला नको."

"अहो, दिला म्हणतोय ना!"

बाईंनी माइक परत समोर घेतला. "हॅलो," त्या म्हणाल्या. "झालं समाधान?"

खटक्याने बाईंना पहिल्यांदा ऐकलं ते आईचं बोट धरून. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. दाराजवळ शेवटच्या रांगेत बसून तो घरी कधी जायचं एवढंच विचारत होता. मध्येच वीज गेली. काळोख. खुर्च्या वाजायला लागल्या, लोक उठायला लागले. बाई मात्र थांबल्या नाहीत. माइक मेलेला, पंखे मेलेले, आणि तो आवाज एवढ्या मोठ्या सभागृहातून चालत शेवटच्या रांगेत त्याच्यापाशी आला. आईने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "ऐक." उठलेले लोक जागच्या जागी उभे राहिले. दिवे आले तेव्हा काहींनी तर चिडून वर बघितलं.

पुढे तो आवाजाच्याच धंद्यात पडला. ही गोष्ट त्याने एकदा बाईंना सांगितली, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे यंत्र बंद असताना आवाज पोचला म्हणून तू यंत्रं लावायला लागलास? उलट्या खोपडीचा आहेस."

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. तिसऱ्या रांगेत खटक्याची बायको ठेवणीतली साडी नेसून बसली होती. नवरा जन्मभर गाण्यांच्या कार्यक्रमात, पण त्याच्या शेजारी बसून एकही गाणं तिने ऐकलं नव्हतं. तो कायम मागे, ती पुढे.

पहिलं गाणं खालच्या सुरांतलं होतं, ते छान झालं. दुसऱ्यात बाई वर गेल्या आणि आवाज फाटला. जुनं कापड टरकावं तसा, मधोमध. सभागृहात कोणीतरी खोकलं. बाई हसल्या, पुन्हा वर गेल्या, पुन्हा तेच. आता खोकणारे वाढले. खटक्याच्या पुढच्या रांगेतून एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "आजींना कोणीतरी घरी बसवायला हवं होतं," आणि दोघेही खांदे हलवत हसले.

आयोजक संस्थेचे सेक्रेटरी चवड्यांवर चालत टेबलापाशी आले. "अहो, काहीतरी करा ना. समोर पाहुणे बसलेत."

"यंत्र ठीक आहे," खटक्या म्हणाला.

"यंत्र नाही हो..."

"मग मी काय करू? गप बसा."

सेक्रेटरी तोंड पाडून गेले. तेव्हा पुढे जे झालं ते त्यांच्यामुळे झालं असं म्हणायची सोय नाही. कोणी भाग पाडलं नाही, कोणी हात धरला नाही. तिसरं गाणं सुरू झालं. त्याने लहानपणी काळोखात ऐकलेलं, तेच. बाई हळूहळू वर चढायला लागल्या. पुढच्या रांगेतले ते दोघे आधीच हसायच्या तयारीत एकमेकांकडे बघायला लागले. खटक्याला ते सहन झालं नाही. त्याच्या बोटांनी पहिली कळ खाली आणली आणि दुसरी वर नेली.

मुलीचा आवाज आईच्याच वळणाचा, फक्त कोरा. वरचा सूर लागला तो असा की हसायला टपलेले दोघे ताठ बसले. बाईंच्या समोर मंचावर जो लहान स्पीकर होता त्यात मात्र त्याने हात घातला नाही. त्या स्पीकरपुढे बसून त्यांना फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, फाटका तर फाटका. मागे बसलेल्या मुलीला बाहेरून स्वतःचा आवाज घुमलेला कळला. ती दचकली, मागे टेबलाकडे बघून लहान आवाजात गायला लागली. खटक्याने दुसरी कळ आणखी वर नेली.

एकदा केलेलं मागे घेता येत नाही. मध्येच खऱ्या आवाजावर आणलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. कार्यक्रम संपेपर्यंत कळा तशाच राहिल्या.

शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. बाईंनी हात जोडले, डोळे पुसले, आणि मग मान उंच करून थेट शेवटच्या रांगेमागे बघितलं. त्याच्याकडे बघून त्यांनी मान हलवली. शब्द पाळलास, असं होतं ते. खटक्या खाली वाकून उगाच वायर गुंडाळायला लागला.

"काका," मुलगी टेबलापाशी आली तेव्हा सभागृह निम्मं रिकामं झालं होतं. "हे काय केलंत तुम्ही?"

"चुकलं माझं."

"आईला कळलं तर?"

"कळणारच. उद्या येतील ना ऐकायला."

बाईंचा तो रिवाजच होता. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खटक्याच्या दुकानात येऊन आदल्या दिवशीचं गाणं ऐकायच्या. कौतुकासाठी नाही, चुका पकडायला.

"रेकॉर्डिंग बिघडलं म्हणून सांगा."

"एक खोटं अजून घशाखाली उतरलं नाही. त्यावर दुसरं कुठे ढकलू?"

घरी जाताना बायको बोलतच होती. "या वयात काय तो आवाज! अंगावर काटा आला माझ्या. तुम्ही मोठे भाग्यवान बाबा, एवढ्या वर्षांची संगत." तो हूं हूं करत राहिला. जेवायला बसला आणि ताटावरून उठला. शब्द देऊन फिरवला होता, तोही अशा बाईंना, ज्यांनी आयुष्यभरात त्याच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि त्यांच्या भल्यासाठी केलं म्हणावं तर तेही खोटं. त्याने केलं ते स्वतःसाठी. काळोखातला तो आवाज त्याला तसाच्या तसा हवा होता.

सकाळी बाई काठी टेकत आल्या. दुकान म्हणजे घराखालचीच खोली: भिंतभर वायरींची वेटोळी, उघडून ठेवलेले स्पीकर, एक स्टूल आणि एक खुर्ची. खुर्ची बाईंची.

"रात्रभर झोप नाही रे," त्या बसता बसता म्हणाल्या. "आनंदाने. फाटका आवाज ऐकला त्यांनी आणि तरी उभे राहिले. मला वाटलं होतं अर्धे उठून जातील. माणसं आपण समजतो त्याहून बरी असतात बघ."

खटक्या यंत्रासमोर बसला. प्रत्येक माइकचं रेकॉर्डिंग वेगळं होतं. पहिली कळ वर, दुसरी खाली केली की झालं असतं. बाईंना त्यांचा आवाज ऐकू आला असता, लोकांनी हाच ऐकला असं वाटलं असतं, आणि उरलेलं आयुष्य त्या या आनंदात राहिल्या असत्या. मुलगी बोलली नसती. बोट पहिल्या कळीवर होतंच.

"लाव की," बाई म्हणाल्या. "कसला मुहूर्त बघतोस?"

त्याने कळा काल होत्या तिथेच ठेवल्या आणि तिसरं गाणं लावलं.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मांडीवर बोटं ठेका धरत होती. गाणं वर चढलं, वरचा सूर लख्ख लागला, आणि बोटं थांबली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. गाणं संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

"पोरगी चांगली गायली," त्या म्हणाल्या.

खटक्याने स्टूल त्यांच्याकडे वळवलं.

"हेच ऐकलं लोकांनी?"

"हो."

"आणि मी?"

"लोक हसत होते, बाई. माझ्याच्याने बघवेना. तुम्हाला शब्द दिला होता, तरी मी... मला माफ करा."

"माफीचं नंतर बघू. मी कशी गायले ते लाव."

त्याने दुसरी कळ खाली घेतली, पहिली वर नेली. तेच गाणं पुन्हा. यावेळी गाण्यात बाई एकट्याच होत्या. श्वास तोकडा पडत होता. वर जाताना आवाज फाटला, पडला, पुन्हा उठला. बाईंची बोटं परत ठेका धरायला लागली.

"इथे घाई केली," त्या म्हणाल्या. "हा बरा लागला. इथे श्वास आधी घ्यायला हवा होता."

नेहमीसारख्याच बोलत होत्या, जणू पुढच्या कार्यक्रमात सुधारायचंय. खटक्याला वाटलं, त्यांनी रागवावं, काठी हाणावी. ते सोपं गेलं असतं.

गाणं संपलं. "हे ऐकून उभे राहिले असते का रे लोक?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही, बाई."

"मलाही नाही. तेवढंच कळून घ्यायचं होतं मला." त्या काठीवर भार देऊन उठल्या. तो हात द्यायला पुढे झाला, तर म्हणाल्या, "राहू दे. जमतंय." दारातून एकदा मागे वळल्या, मग पायरीचा अंदाज घेऊन सावकाश उतरून गेल्या.

खटक्याने गाणं परत पहिल्यापासून लावलं. कळा आत्ता होत्या तशाच ठेवल्या, फक्त बाईंचा आवाज.

बायको चहाचे दोन कप घेऊन वरून आली. "गेल्या पण? थांबवायचं नाही का? चहा टाकला होता मी." मग ती दारातच थबकली. "हे कोण गातंय?"

"बाई."

"कुठल्या बाई?"

"आपल्या. कालचंच गाणं आहे."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग स्पीकरकडे. आवाज वर चढत होता. वरच्या सुरावर फाटला, खाली आला, पुन्हा चढायला लागला. खटक्या बायकोच्या तोंडाकडे बघत होता. त्याने समोरची रिकामी खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली.

बायको बसली नाही. गाणं संपेपर्यंत दोन्ही हातांत कप धरून ती उभीच राहिली.